सत्यनारायणाची जर्मन बोट

समस्त मराठी वाचकांना अत्यंत गंभीरपणे, शक्य असल्यास त्यांनी उभं राहून ऐकावं अशा शब्दांत, कळवण्यात येत आहे की दुसऱ्या महायुद्धात कामी लावलेल्या एका जर्मन मच्छीमार आगबोटीचा समग्र, अधिकृत आणि साजूक तुपातला इतिहास जगात एकाच ठिकाणी उपलब्ध होता. ते ठिकाण जर्मनीत नव्हतं. ते टोरोंटोच्या एटोबिको उपनगरात, विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर पोटाखाली, एका विटांच्या घराच्या दिवाणखान्यात होतं. हा इतिहास वर्षातून एकदा सांगितला जाई आणि तो संपेपर्यंत कोणालाही शिरा मिळत नसे.

सांगणारे होते आमचे घरमालक. त्यांचं नाव देत नाही. दिलं तर फोन येईल आणि या लेखात तांत्रिक चुका किती आहेत ते मला जेवण गार होईपर्यंत ऐकावं लागेल. आपण त्यांना काका म्हणू. मीही तेच म्हणत होते.

काका मूळचे वाळवा तालुक्यातले. तरुणपणी साखर कारखान्यात बॉयलरवर लागले. पोरगा हुशार निघाला म्हणून कारखान्यानं त्यांना शिकायला जर्मनीला पाठवलं. पुढे कॅनडाची दारं आपल्या लोकांना उघडली तेव्हा ते इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत शाळांचे, हॉस्पिटलांचे, लॉन्ड्र्यांचे बॉयलर तपासत राहिले. निवृत्तीनंतर तपासायला बॉयलर उरला एकच, स्वतःच्या घरातला. आणि त्या बॉयलरशेजारी, बेसमेंटमध्ये, राहायला आले मी.

तेव्हा मी नुकती पुण्याहून आले होते. विमानतळाजवळच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं. खोली बघायला गेले तर काकांनी मला भाडं, नोकरी, स्वयंपाक असलं काही विचारलं नाही.

"पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर."

"कुठं?"

मी पुष्कळ विचार केला. "भांड्यात."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला खोली द्यायचीय, सर्टिफिकेट नाही!"

"भांड्यात म्हणाली," काका आत बघून म्हणाले. "दाबाचं माहीत नाही तिला, पण थाप तरी मारली नाही. ये गं राहायला."

बॉयलर म्हणजे ओतीव लोखंडाचा अगडबंब प्रकार होता. उंचीनं माझ्याएवढा, घेरानं माझ्या थोरल्या आत्याएवढा. मुळात कोळशावर चालणारा, नंतर कोणीतरी गॅसवर आणलेला. त्याच्या अंगातून निघालेल्या नळ्या घरभर फिरून जुन्या जड रेडिएटरांमध्ये गरम पाणी नेत. बाकीच्या गल्लीनं केव्हाच गरम हवा सोडणाऱ्या फर्नेस बसवून घेतल्या होत्या. काका त्यांना हेअर ड्रायर म्हणत. "हेअर ड्रायरच्या घरात माणूस वाळतो," असं त्यांचं मत होतं, आणि गल्लीतले सगळे शेजारी त्यांना वाळलेलेच दिसत.

रोज सकाळी पाइपवर पान्याची टकटक व्हायची. ही त्यांची दारावरची थाप. मग काका लाकडी जिना उतरून येत आणि बॉयलरच्या, दाब दाखवणाऱ्या काचेच्या गेजसमोर उभे राहत. गेजशी बोलत. माझ्याशी नाही. "गेज बघावं, माणूस बघू नये" हे त्यांचं पहिलं वचन. जाता जाता पाइपवर वाळत घातलेले माझे मोजे दिसले की, "डेकवर कपडे! कुणाचे हे?" असं घरात पन्नास माणसं राहत असल्यासारखं विचारत. दुसरं वचन, "वाफ खोटं बोलत नाही." मी एकदा अतिशय नम्रपणे म्हटलं, "पण काका, यात वाफ नसतेच ना? नुसतं गरम पाणी असतं." पुढचा आठवडाभर टकटक आली नाही. आठव्या दिवशी काकूंनी खाली येऊन सांगितलं, "अगं, माफी माग आणि मोकळी हो. मला वर दिवसभर ऐकावं लागतंय."

त्यांच्या आयुष्यातला विजयाचा दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या ऑगस्टमध्ये सगळ्या ओंटारिओची वीज गेली होती, ते अनेकांना आठवत असेल. टोरोंटो घामानं निथळत होतं, फ्रीजमधलं आइस्क्रीम लोक रस्त्यावर वाटत होते, पंखा नाही, एसी नाही. आणि काका अंगणात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्याकडे चालू आहे! आमच्या बॉयलरला वीज लागत नाही!" खरंच लागत नव्हती. भर उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, साऱ्या शहरात एका घरात कढत पाणी होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मला, काकूंना आणि पोस्ट टाकायला आलेल्या बाईलाही आंघोळीचा आग्रह केला. पोस्टातली बाई सुटली. आम्ही दोघी सुटलो नाही.

तर अशा माणसाशी काकूंचा संसार चालला होता, आणि माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती: हे घर विकून ओटावाजवळ कनाटाला, मुलीजवळ जाऊन राहायचं. काकूंचे गुडघे गेले होते. मुलीला दुसरं मूल व्हायचं होतं. आणि त्या हिवाळ्यात काका सकाळच्या तपासणीला उतरताना जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक, या खेपेला डाव्या हातानं. त्या दिवशी काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मान मोडेल. मला हे घर या वर्षी विकायचंय. तू मदत करणार का नाही, एवढंच सांग." समोर साबुदाण्याची खिचडी होती. मी लगेच फितूर झाले.

काका विकायला नाही म्हणत नव्हते. ते अट घालत होते. घर घेईल त्यानं बॉयलर काढायचा नाही. इतकंच. हे म्हणजे घोडागाडी विकत घ्या पण घोड्याला रोज फिरवायचं बरं का, असं सांगण्यासारखं होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते बेसमेंटमध्ये उतरलं, बॉयलरवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणालं, "धिस कम्स आउट, राइट?" काकांनी त्याला घर पूर्ण दाखवलं, म्हणजे बाहेर जाण्याच्या रस्त्यापर्यंत. दुसऱ्या वेळी घरं विकणारी एजंटबाई बॉयलरला "सो मच कॅरेक्टर" म्हणाली. काका खूश झाले आणि त्यांनी तिला पाणी कुठं उकळतं ते विचारलं. तिसरं गिऱ्हाईक तिनं आणलंच नाही.

आता बोट.

बोटीचं नाव मला माहीत आहे, पण घरात ते घ्यायला बंदी होती. मालकानं ते आपल्या मुलीचं ठेवलेलं, त्यामुळे ऐकायला ते सरळसरळ एका जर्मन तरुणीचं नाव होतं. काकूंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी फर्मान काढलं की या घरात त्या बाईचं नाव नको. तेव्हापासून बोट नुसती "ती" झाली. यानं परिस्थिती सुधारली असं नाही. नवा पाहुणा यायचा आणि काका चहाचा कप खाली ठेवून दूर बघत म्हणायचे, "ती तेव्हा वेझर नदीच्या मुखाशी उभी होती. तिची आग मी माझ्या हातानं..." पाहुणा घाबरून काकूंकडे बघायचा. काकू पोहे परतत राहायच्या.

पूजा असायची त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. सत्यनारायण. म्हणजे लग्नाच्या वाढदिवशी नवरा सोवळं नेसून, बायकोला शेजारी बसवून, चारचौघांत तासभर दुसऱ्याच एकीचं आयुष्य सांगायचा. अशी बायको मी अजून दुसरी पाहिलेली नाही, आणि असा नवराही नाही, हे देवाचे उपकारच.

याची सुरुवात कशी झाली ते काकूंनी सांगितलं. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव आहे. त्याच्या नावेतला माल लतापत्रं होतो. पुढे त्याची मुलगी कलावती प्रसाद टाकून धावत सुटते आणि नवऱ्यासकट नाव बुडते. कॅनडातल्या पहिल्याच पूजेत इथपर्यंत आल्यावर काकांनी गुरुजींना थांबवलं होतं. नावेचं वजन किती? पाण्याखाली किती भाग? मालाची पानं झाली म्हणजे वजन उतरलं, मग नाव वर यायला हवी, बुडते कशी? गुरुजींनी पोथीचं पान उलटलं. काका म्हणाले, "बोटीबद्दल बोलायचं तर नीट माहिती असलेलं बोलावं." आणि पाचवा अध्याय संपल्यावर त्यांनी सहावा सुरू केला. पुढे ती प्रथाच पडली. आणि डाव असा पक्का, की उठून जायची सोय नाही. प्रसाद न घेता उठणाऱ्याचं काय होतं, ते सगळ्यांनी नुकतंच ऐकलेलं.

आमचे गुरुजी आठवडाभर माझ्यासारखेच सॉफ्टवेअर तपासायचे आणि शनिवार-रविवार पूजा सांगायचे. त्यांची पुढची पूजा मिसिसागात ठरलेली असे. ते पाच अध्याय हायवेच्या वेगानं सांगत, आणि मग सहावा अध्याय त्यांच्यासमोर रस्त्याच्या कामासारखा आडवा येई. एकदा त्यांनी हरकत घेऊन बघितली.

"काका, देवासमोर मासे नकोत हो."

"मग ती आइसलंडला काय फुलं तोडायला जायची?"

"माल म्हणा. साधुवाण्याच्या नावेतही माल होता."

काकांना हे पटलं. ते स्वतः कडक शाकाहारी. तेव्हापासून बोट आइसलंडजवळच्या समुद्रात जाळी टाकून थंडगार, चमकदार, भरपूर माल पकडू लागली. "मालाच्या पोटात अंडी असायची," असं एकदा भरात म्हणून गेले तेवढं सोडलं, तर तडजोड दोन्ही बाजूंनी पाळली गेली.

माल पकडणारी ही बोट. पोटात कोळशाचा बॉयलर, वर एक उंच धुराडं. युद्ध सुरू झालं आणि जर्मन नौदलानं ती मालकाकडून काढून घेतली. जाळी उतरवली, राखाडी रंग फासला, पुढे तोफ बसवली, कोळ्यांच्या डोक्यावर नौदलाच्या टोप्या ठेवल्या आणि सांगितलं, आता तुम्ही पहारा करा. पहाऱ्याचं काम काय? आपण दिसू नये आणि शत्रू दिसावा. ते काम त्यांनी अशा बोटीला दिलं की जिचा धूर क्षितिजापलीकडून दिसे. म्हणजे रात्रीच्या गुरख्याला गळ्यात घंटा बांधून पाठवायचं तसं. काकांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "बोट कुणाच्या बाजूची नसते. बोट वाफेच्या बाजूची असते," असं ते म्हणत. ज्यांच्यावर तिची तोफ रोखलेली होती त्यांना हा बारकावा समजावून सांगायची संधी अर्थातच मिळाली नसणार.

ती संधी काकांना एकदा मिळाली, आणि तेवढं एक मी हसत सांगू शकत नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ, मूळचे नोव्हा स्कोशियाचे, एका वर्षी पूजेला आले होते. पाय दुमडत नव्हते म्हणून खुर्चीवर बसले. मराठी कळत नव्हतं. काकांनी मोठ्या उत्साहानं त्यांना इंग्रजीत सारांश दिला. तोफ, पहारा, इंग्लिश खाडी. म्हातारबुवा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की माझा भाऊ कॅनडाच्या नौदलाच्या लहान लढाऊ बोटींवर होता, त्याच खाडीत, अशाच एका मच्छीमार बोटीच्या समोर. तो परत आला नाही. एवढं बोलून त्यांनी शिरा खाल्ला, काकूंचे आभार मानले, आणि हळूहळू घरी गेले. पुढच्या बर्फापासून काकांनी आपल्या दाराच्या आधी शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ फावड्यानं उपसायला सुरुवात केली. आणि सहाव्या अध्यायात तोफेचं वर्णन, जे आधी शिरा गार होईपर्यंत चाले, ते एका वाक्यावर आलं. ते वाक्य काका खाली बघून म्हणत.

बाकी अध्याय तसाच राहिला. लांबही तसाच. मुलगी यायची ती स्वयंपाकघरात पळायची, आणि नातू तर ओट्याखालूनच ओरडायचा, "आजोबा, इज इट द बोट थिंग अगेन?" आजोबा म्हणायचे, "येस, कम, सिट." नातू कधी येऊन बसल्याचं मला आठवत नाही.

त्या शेवटच्या वर्षी काकूंनी गिऱ्हाईक शोधलं ते स्थळ शोधावं तसं. एजंटबाईचा नाद सोडला आणि फोन हातात घेतला. मराठी मंडळातल्या यच्चयावत बायकांना विचारलं, की घर बघणारं कोणी जोडपं आहे का, आणि त्यातलं एक तरी साखर कारखान्याच्या मुलखातलं आहे का? मला हे कोडं उलगडेना.

"काकू, साखर कारखाना कशाला?"

"तू फक्त त्यांना पूजेला घेऊन ये. आणि सांग, सहावा अध्याय पूर्ण ऐका. जांभई देऊ नका."

जोडपं मिळालं. मुलगा पुण्याचा, कंपनीत माझ्या दोन टेबलं पलीकडे बसणारा, घराच्या शोधात वैतागलेला. बायको कराडची. दोघांना मी गाडीतच पढवून ठेवलं. मुलगा म्हणाला, "कितीसं असेल? अर्धा तास?" मी खिडकीबाहेर बघितलं.

पूजा झाली. आरती झाली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. काकांनी उपरणं सारखं केलं आणि सहावा अध्याय लावला. वेझर नदी झाली, आइसलंड झालं, माल झाला, राखाडी रंग झाला, तोफेचं एक वाक्य झालं. मग आलं नॉर्वे. हा त्यांचा सर्वांत लाडका भाग. बोट एका खाडीत नांगर टाकून उभी. दोन्ही बाजूंना कडे. शत्रूची विमानं येतात. पळायला वेळ नाही. आणि तळाशी, बॉयलरसमोर, एक आगवाला.

"तेव्हा त्या आगवाल्यानं..." काका म्हणाले, आणि थांबले.

इतक्या वर्षांत काका थांबलेले कोणी पाहिले नव्हते. गुरुजींनी घड्याळावरची नजर काढली. काकांचा बरा झालेला हात हवेत काहीतरी चाचपडत होता, खाली गेजची काच पुसायचे तसा. "आगवाल्यानं..." ते पुन्हा म्हणाले. चेहऱ्यावर असं काही होतं की मला पहिल्यांदाच वाटलं, काकू बरोबर आहेत, हा माणूस एकटा त्या जिन्यावर जायला नको.

स्वयंपाकघरातून आवाज आला. शिऱ्याच्या कढईत उलथणं घासत होतं ते थांबलंही नाही.

"हवा बंद केली. ओला कोळसा टाकला. काळा धूर केला. पुढे बोला, शिरा लागायला आलाय."

"काळा धूर केला!" काका कडाडले. गाडी रुळावर आली. सगळं आयुष्य ज्या धुरावरून तिला नावं ठेवली, त्याच धुरात त्या आगवाल्यानं ती आख्खी लपवली. विमानं डोक्यावरून गेली. बॉम्ब कड्यावर पडले. बोट वाचली. युद्ध संपल्यावर आधी समुद्रातले सुरुंग काढायला तिला लावलं, मग मालकाकडे परत, पुन्हा आइसलंड, पुन्हा माल. आणि म्हातारी झाल्यावर मोडायला धक्क्यावर आली, तेव्हा तिथं वाळव्याचा एक पोरगा बॉयलर शिकत होता. मुकादमानं त्याला सांगितलं, आग ओढ. म्हणजे भट्टीतले पेटते निखारे ओढून बाहेर काढ आणि विझव.

"मी ओढली," काका म्हणाले. "मला वाटलं, आपल्याकडे हंगाम संपला की कारखान्याचा बॉयलर विझवतात, तसंच असणार. हंगाम सुरू झाला की परत पेटवायचा. मी त्या मुकादमाला विचारलं, पुढचा हंगाम कधी? तर ती सगळी माणसं हसायला लागली. मला भाषा नीट येत नव्हती. मला वाटलं, माझं जर्मन चुकलं. म्हणून परत विचारलं. तर आणखी हसली."

कराडची मुलगी पुढे सरकून बसली होती.

"म्हणजे परत पेटवलीच नाही?"

"नाही."

"काका, आमच्याकडे कारखान्याचा बॉयलर पेटवायच्या आधी सत्यनारायण असतो. आई-बाबा बसले होते एका वर्षी पूजेला. मी बत्तासे वाटले होते."

"कुठला कारखाना?" काका गर्रकन वळले. मग ऊस, चिपाडं, धुराड्याची उंची असं काय काय निघालं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, हातात उलथणं, आणि चेहरा असा की लढाई जिंकलेल्या सेनापतीनं तो शिकून घ्यावा. नवरा दरवर्षी पूजा नक्की कोणासाठी घालतो, बायकोसाठी की परत न पेटलेल्या 'ती'च्यासाठी, हे त्या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर साखर कारखाना.

मी पुणेकराला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, "काका, आम्हाला घर आवडलंय. बॉयलर आम्ही काढणार नाही."

अट कोणी मान्य करेल याची काकांनी तयारीच केली नव्हती.

"थंडीच्या आधी प्रत्येक रेडिएटरमधली हवा काढावी लागते."

"शिकवा ना."

"उन्हाळ्यातही विझवायचा नाही. आंघोळीचं पाणी त्याच्यावरच."

पुणेकराचा चेहरा जरा उतरला, पण कराडनं त्याच्याकडे बघितलं. "नाही विझवणार," तो म्हणाला.

"पाइपवर कपडे नाहीत."

"ड्रायर घेऊ, काका."

"आणि पूजा?"

"इथेच करू," ती म्हणाली. "तुम्ही दोघं या. सहाव्या अध्यायासकट."

गुरुजींनी डोळे मिटले. काकांच्या अटी संपल्या होत्या. ते इकडे तिकडे बघत होते, भिंतीवर, रेडिएटरवर, माझ्यावर, जणू आणखी एखादी अट कुठेतरी पडली असेल.

आता तुमचा जीव टांगणीला ठेवत नाही. घर त्याच जोडप्यानं घेतलं. उन्हाळ्यात काका-काकू कनाटाला गेले, काकूंनी नवं बाळ मांडीवर घेतलं, आणि तिथल्या घरात हेअर ड्रायर आहे. बॉयलर मी पाहिला तेव्हा पेटता होता. पण हे सगळं ठरलं ते त्या दिवशी, त्या पाटावर, पुढच्या दोन वाक्यांत. आम्ही सगळे हात पसरून शिऱ्याची वाट बघत होतो, आणि काका एकदम काकूंकडे वळून, आवाज न चढवता, माझ्यासमोर आजवर कधी बोलले नव्हते अशा स्वरात म्हणाले, "अगं, पण तिकडे मला ऐकणार कोण?"

काकूंच्या हातातलं उलथणं खाली आलं. आणि ज्या बाईनं थोड्या वेळापूर्वी कढईवरून मान न वळवता नॉर्वे वाचवलं होतं, ती बाई सगळ्यांदेखत, डोळ्यांत पाणी आणि कपाळाला आठ्या, ओरडली,

"अहो, इथे तरी मी कधी ऐकत होते!"